नावाचं कडवं

विलायतेतली चौघांची एक जगप्रसिद्ध पार्टी शेवटची रेकॉर्ड काढून फुटली, हे मी शाळेत आलेल्या एका जुन्या मासिकात वाचलं होतं. पानभर फोटो आणि पानभर हळहळ. आमची पार्टी त्यानंतर चार-पाच वर्षांनी फुटली. आमच्यासाठी वसमतच्या स्टँडवरचा चहावालासुद्धा हळहळला नाही.

आमची गायन पार्टी सहा जणांची. मी गाणी लिहायचो आणि खंजिरी वाजवायचो. गायचा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आवाज असा, की माइक बंद पडला तरी मांडवातल्या शेवटच्या रांगेतलं कोणी उठत नसे. हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. एप्रिलात जयंतीचे दिवस आले की सेनगावपासून कुरुंद्यापर्यंत आम्हाला बोलावणी यायची आणि महिनाभर आमचा मुक्काम एसटीत.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफायची आमच्याकडे रीत आहे. ते कडवं आलं की मेहुणा माझ्याकडे हात करायचा आणि मांडवातल्या माना वळायच्या. दिवसा मी मास्तर होतो, पण शाळेत माझ्या हातचा चहा घ्यायची वेळ आली की हेडमास्तरांना नेमकी ॲसिडिटी व्हायची. त्या एका कडव्यापुरता मी कोणीतरी असायचो. मला त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू?

मग मुंबईच्या एका कंपनीनं रेकॉर्ड काढायला बोलावलं. माझं आईवरचं गाणं त्यांनी निवडलं. सरपणाची मोळी विकून लेकराला पाटी घेणारी ती आई माझीच होती. रेकॉर्डिंगवाला घड्याळ दाखवून म्हणाला, एका बाजूला तीन मिनिटं, एक कडवं काढा. आम्ही जिन्यात जाऊन बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमीच सांगा. तुमचं गाणं हाय."

मोळीचं कडवं काढवेना. पाटीचं तर नाहीच नाही. मीच म्हणालो, "नावाचं काढा. नाव काय, रेकॉर्डवर छापून येईलच की."

दीडशहाणा दुसरा कोण असणार? मीच.

रेकॉर्ड आली. मधल्या गोल कागदावर मेहुण्याचं नाव ठसठशीत, खाली 'आणि पार्टी'. मी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. त्या 'पार्टी'त ढोलकीवाल्याबरोबर मीही होतो म्हणायचं. मेहुणा म्हणाला, "मला काय ठावं, दाजी? त्यांनीच छापलं." यात तो खोटं बोलत नव्हता.

कुरुंद्याच्या कार्यक्रमात मात्र त्यानं जे केलं ते कंपनीनं केलं नव्हतं. लोकांनी रेकॉर्डचंच गाणं मागितलं. तो रंगात आला, नावाचं कडवंही घेतलं, आणि माझ्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. हात माझ्याकडे केला नाही, छातीवर ठेवला. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

मी खंजिरी खाली ठेवली आणि भर कार्यक्रमात मांडवाबाहेर आलो. गाणं संपल्यावर तो मागून आला. "काहून उठलात, दाजी? लोकायला रेकॉर्डवर माझंच नाव दिसून राहिलं. तुमचं घेतलं तर पुसतात, ह्यो कोण?"

"ज्यानं लिहिलं तो," मी म्हणालो.

"ते तुमाला ठावं अन् मला ठावं. गर्दीला काय?"

मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याची आई म्हणजे माझी सासू, याचं भान राहिलं नाही. त्या दिवशी पार्टी मोडली. ढोलकी आणि पेटी त्याच्याकडे गेली, कोरसवाले दोघं हळदीच्या कामाला लागले. मी पुन्हा गाणं लिहिलं नाही. दुसरी रेकॉर्डही कधी निघाली नाही. पहिली तीच शेवटची.

पुढच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या भोंग्यावर ती रेकॉर्ड दिवसभर वाजत होती. माझी सहा वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसून सोबत गात होती, एकही शब्द न चुकता. मला म्हणाली, "बाबा, मामाचं गाणं!"

मी म्हणालो, "ते मी लिहिलंय. त्यातली आई म्हणजे तुझी आजी."

 ती आत पळाली आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "आई, गाणं बाबाचं हाय का मामाचं?"

माझ्या बायकोनं ते गाणं मी लिहिताना कंदील धरला होता. मोळीच्या ओळीला डोळे पुसले होते. भाऊ घरी यायचा बंद झाल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"दोघायचं," ती म्हणाली.

मेहुण्याला मी कदाचित माफ करीनही. हिला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.