सगळी मकोय एका डब्यात

“बाबा, हे काय करून ठेवलं तुमी!” मी अशी किंचाळले की स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या अख्ख्या सेक्टर 10 ला प्लांटचा भोंगा झाल्यासारखं वाटलं असेल. सिलिकाचे दाणे घालून वाळवलेल्या मकोयच्या, म्हणजे रानातल्या कामोणीच्या, पानांच्या माझ्या चाळीस पुड्या बाबांनी फोडून बिस्किटाच्या एका डब्यात ओतल्या होत्या आणि त्या कडवट वासानं खोली भरली होती. बाबांचा जन्म प्लांटच्या स्टोअरमध्ये गेलेला. सारखा माल एका जागी लागल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. “एकाच झाडाचे पानं होते न बेटा, कावून येवढ्या पुड्या?” “एकच झाड नाही ते!” दिसायला सगळ्या मकोय सारख्याच, पण एकीत गुणसूत्रांचे दोन संच, दुसरीत चार, तिसरीत सहा, आमच्या भागातली ही सहावाली कोणत्या जातींच्या संकरातून झाली, हे जनुकीय मार्करनं, म्हणजे डीएनएमधल्या खुणांवरून, शोधण्यावर माझी पीएचडी टांगलेली. पुडीपुडीवर झाडाचा नंबर आणि गाव लिहिलं होतं. अहिवारा गावची झाडं तर मागाहून चुनखडीच्या खाणीत गेली होती, आणि त्यांची पानं या ढिगातून कोणाच्या बापाला ओळखता आली नसती, माझ्या तर नाहीच. मी डबा आपटला, रडले, तीन दिवस घरात चहाला शिवले नाही. आजही नव्या बुटांच्या खोक्यात सिलिकाची पुडी दिसली की माझं टाळकं सरकतं. चौथ्या दिवशी, लॅबमधल्या मशीनवर मार्कर पाहून झाडाचे आईबाप कसे कळतात, हे मी दातओठ खात त्यांना समजावलं. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. “मायबाप समजते, तं मंग गाव बी विचार न त्या मशीनले.”