पुडीवाले काका

अख्ख्या पुण्यात गुपित पोटात ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो दिवसभर ओरडत असायचा. नारायण पेठेतले आमचे औषधवाले काका! पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर उघडत होत्या. त्यातल्या एकीत मी वर्ध्याहून येऊन लागले होते आणि काकांच्या दुकानासमोरच एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, आवाज मात्र सभागृहातला. "काय काका, कसे आहात?" असं कोणी विचारलंच, तर "औषधं विकतो, घेत नाही," हे उत्तर ठरलेलं.

त्यांचं खरं वेड कागदाचं. बाकीचे दुकानदार बायकांच्या वस्तू काळ्या पिशवीत घालून देतात, त्या पिशवीवर काकांचा भयंकर राग. "काळी पिशवी म्हणजे दवंडी आहे, दवंडी! आत काय आहे ते पेठेला लांबूनच कळतं." म्हणून ते सगळ्यांना सगळंच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून द्यायचे. खोकल्याची गोळी असो, नाहीतर टूथब्रश. एकदा एक निवृत्त मास्तर रक्ताळलेलं बोट धरून चिकटपट्टी मागायला आले, तरी काका शांतपणे पुडी बांधत होते. "अहो, इथेच लावायची आहे!" मास्तर कळवळले. "मग इथेच सोडा," म्हणत काकांनी गाठ आणखी घट्ट मारली.

मी पहिल्यांदा गेले ती चोरासारखी. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. डॉक्टरीणबाईंनी हार्मोन्सची तपासणी करायला लावली आणि पाळी नियमित यावी म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. चिठ्ठी पुढे सरकवून मी कुजबुजले, तसे काका कडाडले, "मोठ्याने बोला! कुजबुजलं की रांग कान टवकारते." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण बघते तर मागच्या आजोबांनी मानसुद्धा वर केली नव्हती. काकांचं ओरडणं पेठेत कोणी ऐकतच नसे.

पण घरमालकीणबाई! माझं कपाट 'आवरताना' त्यांना गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. मला अवाक्षर न बोलता त्यांनी बाबांना फोन लावला, "तुमची मुलगी तसल्या गोळ्या खाते." दुसऱ्याच दिवशी बाबा पुण्यात हजर. मला एकदम विचारायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते बाईंकडून पाकीट घेऊन आधी काकांकडे गेले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"समोरची मुलगी हे कशासाठी नेते?"

"नाही सांगणार."

"अहो, बाप आहे मी तिचा!"

"मग अर्ध्या रस्त्यात कशाला थांबलात? जिना चढा आणि तिला विचारा." एवढं बोलून काकांनी ते रिकामं पाकीटसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोरा बांधून बाबांच्या हातात दिलं!

बाबा वर आले. पुडी मांडीवर ठेवून दोऱ्याची गाठ सोडवली. मग म्हणाले, "हे काय आहे, बेटा?" मी रडत रडत सगळं सांगितलं. पाळी हा शब्द त्यांच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. आता 'सामान बांध' म्हणणार, नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते, आणि ते म्हणाले असते तर मी निमूटपणे गेलेही असते. बाबांनी मान खाली घातली. "लय त्रास होते का तुले?"

नोकरी राहिली. मी काकांचे आभार मानायला गेले, तर म्हणाले, "कशाबद्दल? माझ्याकडे कोणी आलं नव्हतं." बाबांचंही गुपित त्यांनी पोटातच ठेवलं होतं.

पुढे सहा वर्षं मी त्यांचं ओरडणं रोज ऐकलं. पण काकांना मुलगी होती का, घरी कोणी वाट बघणारं होतं का, काही म्हणजे काही मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. चिडले असते, पण एकदा तरी विचारायला हवं होतं.