याहीभेटीतला वास

१९६१ सालच्या माघातला रविवार. माझ्या मुलीचं लग्न पक्कं करायच्या सुपारीसाठी पाटावर एकशे एक रुपये ठेवलेले. मुलाकडचे नऊ जण, आमच्याकडचे सहा, आणि दाराआड बायको.

त्याआधी दोन वर्षं माझं डोकं उजव्या बाजूनं दुखत होतं. उभा राहिलो की जमीन सरकल्यासारखी वाटे. डाव्या हाताची तीन बोटं बधिर होत. विडीचा चटका बसला तरी कळत नसे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, ठीक आहे म्हणाले. चष्मा बदलून पाहिला. सुरतेला जाऊन डोक्याचा फोटो काढला, त्यातही काही निघालं नाही. घरी सांगितलं होतं, कापसाचा भाव काढायला गेलो. खरं फक्त बायकोला ठाऊक. घेरी येणाऱ्याच्या घरची मुलगी आमच्यात कोणी करत नसे. ते रक्तातून उतरतं अशी समजूत. शेवटी वैद्याकडून आसव, म्हणजे आंबवलेलं औषध, आणलं. घ्यायचं दोन चमचे. त्या दिवशी तोल जाऊ नये म्हणून मी अर्धी वाटी घेतलं.

सुपारी फोडण्याआधी दोन्ही बापांनी गळाभेट घ्यायची रीत, व्याह्यांची म्हणून याहीभेट. मी नारळ घेऊन उठलो. तो हातातून कधी निसटला ते कळलंच नाही. नारळ मुलाच्या वडिलांच्या पायावर पडला आणि मी त्यांच्या खांद्यावर. आसवाचा आंबूस वास त्यांच्या नाकात गेला.

"काय याही, सकायमाच लिधी का?" सकाळीच घेतली का, असं त्यांनी विचारलं.

मुलाचा मामा म्हणाला, "मोहडा यंदा लवकर फुलना वाटस!" मोहाच्या फुलांची दारू गाळतात, त्यावरून सगळे हसले. मुलाचे वडील हसले नाहीत.

दाराआडून बायको बोलली, "दारू नही शे ती. त्यास्नं डोकं..."

"तू गप ऱ्हाय!" मी ओरडलो. औषध म्हटलं असतं तर कशाचं, हा प्रश्न आलाच असता. दारूचा दोष बापापुरता राहतो. मी हात जोडले. "लिधी थोडी. चुकनू, याही."

आत मुलगी बसली होती. तिनं हे ऐकलं.

मुलाचे वडील पाटाजवळ परत बसले. मग म्हणाले, "बाप पेस, तेन्हामा पोरना काय दोष?" त्यांनी सुपारी फोडली, पण शुभकार्यात पिऊन बसल्याची गोष्ट पंचांकडे जाईल हेही सांगितलं.

लग्न वैशाखात झालं. निघताना मुलगी पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आते तरी सोडी द्या, बा." मी मान हलवली. तिच्या डोळ्यांकडे पाहवलं नाही.

डोकं का दुखतं हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. पंचांनी ठरवलेला दंड मी लग्नाआधीच भरला होता: एकवीस रुपये, चावडीसमोर, चौघांदेखत, समाजाच्या सर्वांत वडील पंचाच्या हातात.