सर्व नागरिकांना

आमचे मामा नगरपालिकेचे भोंगेवाले. गाडीच्या टपावर दोन भोंगे, हातात माईक, मांडीवर कार्यालयाचा कागद. घरी मामीपुढे त्यांचा आवाज फुटायचा नाही, ती गोष्ट वेगळी. मजकूर काहीही असो, सुरुवात ठरलेली: "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..." सव्वीस वर्षांत कागदाबाहेरचा एक शब्द त्यांनी उच्चारला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

एकदा पाण्याच्या टाकीत औषध टाकलं. नागरिकांनी दोन दिवस नळाचं पाणी पिऊ नये, असा कागद निघाला. मामांनी तो आमच्या गल्लीत मुद्दाम दोनदा वाचला, कारण तिथे त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, इस्त्रीचं दुकान चालवते. दुपारी आई तांब्याभर पाणी गटागट प्यायली आणि संध्याकाळी उलट्यांनी आडवी झाली.

इस्पितळात मामा तणतणतच आले. "अक्का, बहिरी झालीस का? दोनदा ओरडून गेलो!"

"ऐकलं की. इस्त्री बाजूला ठेवून दारात आले होते. पण तू नागरिकांशी बोलत होतास."

"मग तू कोण?"

"मी इस्त्रीवाली. नागरिक म्हणजे ते पलीकडच्या बंगल्यांतले. आपल्यासाठी कधी कागद निघालाय?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. शाळेत 'नागरिक' शब्दाचा अर्थ मी पाच मार्कांसाठी घोकला होता, तरी भोंगा ऐकून तो आपल्यासाठी आहे असं मलाही वाटलं नव्हतं. मी बचावले ती तहान नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामांनी कागद मांडीवरून खाली ठेवला. "इस्त्रीवाले, भाजीवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, भाड्याने राहणारे, सगळे ऐका! नळाचं पाणी पिऊ नका. माझी बहीण प्यायली, ती इस्पितळात पडलीय."

साहेबांनी त्यांना बोलावून फैलावर घेतलं. "नागरिक म्हटलं की सगळे आले ना त्यात?"

"माझी बहीण राहिली होती, साहेब."

महिनाभर माईक दुसऱ्याकडे गेला. मामा घरी बसले, मामीची बोलणी खात. मला साहेबांचा अजून राग येतो.

पुढच्या आठवड्यात गाडी गल्लीत आली. नवा माणूस कागदावरचं जसंच्या तसं वाचू लागला: "सर्व नागरिकांना..." आईने इस्त्री उभी केली, दारात आली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, बाहेर या गं सगळ्या! आपल्याला काहीतरी सांगतायत."