पहिला मुका

अलेक्झांड्रियात, समुद्राला पाठ लावून आमचं थिएटर उभं होतं. राजे, चोर, प्रेमिका, सगळे तिथं रंगभूषेच्या एकाच खुर्चीत घडायचे आणि घडवायची इन्शिराह. आम्ही तिला अब्ला म्हणायचो, म्हणजे ताई. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ रिफअत तिनंच वाढवला. एकाच्या ओठांचा ब्रश ती दुसऱ्याला कधी लावायची नाही. "आपला ब्रश आणा, नाहीतर फिक्या ओठांनी राज्य करा," असं भल्याभल्या नटांना सुनवायची.

रिफअतला फार वर्षांनी मुलगा झाला. सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवायचं, आईनं त्याला सातदा ओलांडायचं, कानाशी पितळी खल वाजवायचा. मग थोरल्या आत्यानं उचलून पहिला मुका घ्यायचा, ही त्या घरची रीत.

नेमक्या त्याच आठवड्यात इन्शिराहला कणकण आली आणि ओठाच्या कोपऱ्यात जर मुतला. बारीक पाण्याचे फोड, दर हिवाळ्यात यायचेच. मलमासाठी ती दवाखान्यात गेली तेव्हा मी, नाटकं बसवणारा म्हणून सगळे मला उस्ताद म्हणत, सोबत होतो.

"घरात तान्हं आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग खपली पडून ओठ कोरडा होईपर्यंत त्याला तोंड लावू नका. तुम्हाला नुसता फोड, त्याच्या मात्र जिवावर बेतू शकतं."

"मग जाऊच नकोस," बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"न गेले तर आत्या जळली म्हणतील."

"मग खरं सांग."

"सातव्या दिवशी, बाळापुढं, असले अभद्र शब्द? तुम्ही तरी उच्चाराल का, उस्ताद?"

 मीही उच्चारले नसते.

ती गेली, तोंडावर ओढणी घेऊन, आणि मीही सोबत. खल वाजला, मीठ आणि धान्य उधळलं. बाळाची आई करीमा पुढं आली.

"घ्या अब्ला, मान तुमचा."

"हात गार आहेत गं माझे. नंतर घेईन."

"हात गार की मन?" करीमाची आई, हज करून आलेली हज्जा तफीदा, तिथल्या तिथं बोलली. "बाकीच्या बाया बाळासाठी भांडतायत आणि सख्खी आत्या तोंड झाकून कोपऱ्यात!"

"ओठावर फोड आलाय, हज्जा."

"मला काय कमी आले? त्यानं कुणी मेलंय का?"

 हज्जानं जीभ चावली, अल्लाची माफी मागितली आणि तो शब्द तोंडी आणल्याचा रागही इन्शिराहवरच काढला. दृष्ट काढायला कागदाची बाहुली कापून ती सुईनं टोचायला बसली. शेजारणीची नजर, जावेची नजर, जिन्यावरच्या बाईची नजर. प्रत्येक नावाला एक टोचा. मग हात थांबला आणि डोळे इन्शिराहवर गेले.

"माझंही नाव घ्या ना," इन्शिराह म्हणाली. "लाजता कशाला? चांगली खोल टोचा. फक्त जिची नजर वाईट, तिच्या हाती बाळ देऊ नका म्हणजे झालं."

करीमानं बाळ छातीशी ओढलं. हज्जानं सुई खुपसली, बाहुली निखाऱ्यावर टाकली. इन्शिराहनं सर्वांबरोबर शेंगदाणे घेतले, सोहळा संपेपर्यंत बसली आणि मग माझ्याबरोबर जिना उतरली.

खपली पडली, ओठ कोरडा झाला, तेव्हा ती झबलं घेऊन गेली. हज्जानं दारातच झबलं घेतलं. बाळ झोपलंय म्हणाली. पुढच्या खेपेलाही झोपलेलंच होतं.

रिफअत तिला गाठायला थिएटरात आला. "अब्ला, उस्तादांनी मला सगळं सांगितलंय. मी आज घरी सांगून टाकतो."

"काय सांगशील? त्या दिवशी माझ्या ओठावर काय बसलं होतं ते? पोर शिंकलं तरी करीमा रात्रभर जागेल. आणि तिच्या आईनंही त्याचा मुका घेतलाय, तिच्या ओठांचं काय, ते शोधत बसतील."

"मग तुला तो भेटणार कसा?"

"शुक्रवारी समुद्रावर आण. हज्जाला वारा सोसत नाही, ती येणार नाही."

त्या शुक्रवारी मी लांबच्या बाकावर बसलो होतो. इन्शिराहनं आधी हात धुतले, ओठ आरशात नीट पाहिला. मग पोराला घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. मुका तिनं अगदी शेवटी घेतला, तळपायाचा.