ओळंबा वाकडा दिसणारा गवंडी

मी तेव्हा भिंगारला एका स्टुडिओत फोटो काढत असे. जवानांचे घरी पाठवायचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, अधूनमधून एखादं लग्न. सत्तर साल उलटून गेलं होतं आणि माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. अशात नगरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. परदेशात त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्याकडचा जुना कॅमेरा त्यांना पाठवला होता. बुबुळातून आत डोकावून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा. तो चालवायला त्यांना फिल्मची आणि डार्करूमची माहिती असलेला माणूस हवा होता.

काम मला आवडलं. पेशंटच्या डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करायची. हनुवटी टेकवून कपाळ पट्ट्याला लावून बसवायचं. मग बाई हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचत. दहा-बारा सेकंदांत ते रक्तातून डोळ्यापर्यंत पोचे, आणि निळ्या प्रकाशात चमकू लागे. तेवढ्या वेळात मी भराभर बटण दाबत राहायचं. सगळ्यात आधी उजळे तो पडद्याच्या खालचा थर. तिथं रक्ताचं दाट जाळं असतं. त्यानंतर वरच्या बारीक रक्तवाहिन्या एकेक भरत जात. खाली कुठं गळती असेल, तर त्या जागी पांढरा डाग पसरत जाताना फोटोंत दिसे. फोटो धुऊन ओळीनं मांडले की बाई भिंग घेऊन त्यांच्यावर वाकत आणि एकेक फोटो निरखत.

सोनईचा गवंडी आला तो त्याच काळात. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं सडपातळ, हाताच्या बोटांना चुन्यानं भेगा पडलेल्या. त्यांची तक्रार ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाई, महिना झाला, ओळंबा वाकडा दिसतोय," ते म्हणाले. "दोरी मधीच पोटात वाकल्यावानी दिसती. डावा डोळा झाकला की वाकडी, उजवा झाकला की सरळ. भिंत पाडून पुन्यांदा बांधली, तवा कळलं की भिंत बरूबर हाय, माझा डोळाच बिघडलाय."

बाईंनी तपासलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली, अगदी मध्याजवळ, त्यांना काहीतरी संशयास्पद दिसत होतं. गवंड्यांना समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं, "पडद्याच्या खाली नको तिथं नवीन रक्तवाहिनी उगवली असावी. ती नेमकी कुठं आहे ते फोटोत दिसलं, आणि मध्यापासून थोडी लांब असली, तर मुंबईला पाठवून प्रकाशानं जाळता येते. पण लवकर कळलं पाहिजे."

फोटोची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. आणि त्या सकाळी मी एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरचं साखरपुड्याचं खाजगी काम घेतलं होतं. बाईंना सांगितलं नव्हतं. तिकडं उशीर झाला. धापा टाकत दवाखान्यात पोचलो, तेव्हा गवंडी कधीचे डोळ्यांत औषध घालून बसले होते आणि बाईंच्या हातात सुई तयार होती. मी घाईत फिल्म भरली. फिल्म आतल्या चाकाच्या दात्यांवर नीट बसली, की ती पुढं सरकताना कॅमेऱ्याच्या बाजूचं गोल बटण फिरताना दिसतं, ते बघायचं असतं. मी बघितलं नाही.

औषध टोचलं. मी फोटो काढू लागलो. गवंडी दगडासारखे बसले होते. मध्येच ते ओठ न हलवता पुटपुटले, "मळमळतंय. पर तुमचं हुंद्या आदी." मी शेवटचा फोटो काढून "झालं" म्हटल्यावरच ते उठले आणि दाराशी जाऊन त्यांना उलटी झाली.

डार्करूममध्ये फिल्म गुंडाळायला गेलो, तर हाताला ताणच लागेना. मागचं झाकण उघडलं. फिल्म जिथल्या तिथं होती. एक इंचही पुढं सरकली नव्हती. मी पस्तीस-छत्तीस वेळा बटण दाबलं होतं आणि आत काहीच उमटलं नव्हतं.

फिल्म धुवायला लागतो तेवढा वेळ मी अंधारात काढला. बाहेर आलो तेव्हा बाई दुसरा पेशंट तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कसे आलेत?"

"सगळे हललेत," मी म्हणालो. "त्यांनी डोळा स्थिर ठेवला नाही. उलटी येत होती ना. एकही कामाचा नाही, टाकून दिले."

इतक्या सहज माझ्या तोंडून ते निघालं. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी गवंड्यांना आत बोलावलं, आणि बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर त्या त्यांना बोलल्या. "तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं हलू नका म्हणून. औषधाची ती शेवटची बाटली होती. आता मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागेल." केसपेपरवर त्यांनी लिहिलं की रुग्णानं सहकार्य केलं नाही.

औषध टोचल्यावर चेहरा पिवळा पडतो. तो तसला पिवळा चेहरा घेऊन गवंडी माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, माझ्यापायी तुमची फिलम वाया गेली."

मी "असू द्या" म्हणालो. हो, मी हेच म्हणालो.

औषध यायला दीड महिना लागला. या वेळी गवंड्यांबरोबर त्यांची बायको आली होती. मी फिल्म भरत होतो, तीनदा तपासून बघत होतो. त्या दारातून म्हणाल्या, "म्या बजावून आनलंय त्यास्नी. आज हालायचं न्हाई म्हून." गवंडी ओशाळून हसले.

फोटो सुरेख आले. पण पडद्याच्या मधोमध काळा ठिपका होता. खालच्या थराचा उजेड तिथून वर येतच नव्हता. "रक्त फुटलंय," बाई भिंगातून बघत म्हणाल्या. "वाहिनी याच्या खाली कुठंतरी असणार. आता जाळायला जागाच कळत नाही." मी विचारलं, पहिल्या वेळी फोटो मिळाले असते तर? बाई म्हणाल्या, "कदाचित. नक्की कोण सांगणार?" गवंड्यांच्या उजव्या डोळ्याला कडेकडेचं तेवढं दिसत राहिलं. ज्याच्याकडे बघावं ते नेमकं नाहीसं व्हायचं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे माझं जेवणावर मन नव्हतं. शेवटी एका सुट्टीला मी एसटीनं सोनईला गेलो. घरी त्यांच्या बायकोनं सांगितलेल्या ठिकाणी ते एका घराचं जोतं बांधत होते. त्या साली पाऊस नव्हता, बांधकामं बहुतेक बंद पडलेली. हे एक कसंबसं मिळालेलं. मान एका बाजूला कलती करून ते चिरा बसवत होते.

"आरं, फोटूवाले साहेब! हिकडं कुठं?" त्यांनी मला दगडांच्या ढिगावर बसवलं, कळशीतलं पाणी दिलं.

मी पाणी न पिताच बोललो. "तुम्ही डोळा हलवला नव्हता. फिल्म मी नीट चढवली नव्हती. फोटो निघालेच नव्हते. मी खोटं बोललो."

ते थापीवरचा चुना बोटानं काढत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तवा फोटू निघाला असता, तर डोळा ऱ्हायला असता?"

"कदाचित."

"बाईंला ठावं हाय हे?"

"नाही."

"मग हितं कशाला आलात?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी हे घिऊन काय करू आता? बाई मला समद्यांम्होरं बोलल्या. घरी जाऊन मी मंडळीला सांगितलं, माझंच चुकलं म्हून. बाईंला सांगायचं सोडून तुमी माझ्याकडं आलात, कारन मी काय तुमची नोकरी घालवू शकत न्हाई."

मी तिथं बसू शकलो नाही. परतीच्या गाडीत मला कळत होतं, की त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. मी माफी मागायला गेलोच नव्हतो. मन हलकं करायला गेलो होतो, तेही स्वस्तात.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं, साखरपुड्याच्या कामासकट. त्या रागावतील, काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त केसपेपर मागवला, आधी लिहिलेली ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "खरं काय ते तुमच्या अक्षरात लिहा. खाली सही करा." मी लिहिलं. पुढच्या रविवारी बाई एकट्याच सोनईला जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून फिल्म भरली की त्या स्वतः येऊन बटण फिरतंय का ते बघत. पेशंटसमोर बघत. मी बाजूला उभा राही.

गवंडी पुढं डाव्या डोळ्याच्या तपासणीला येत राहिले. तो डोळा शेवटपर्यंत चांगला राहिला. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. एकदा मात्र डार्करूमच्या दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "ह्यात काय दिसतं ते मलाबी दावा की." मी त्यांच्याच डाव्या डोळ्याची ओली प्रिंट उजेडात धरली. ते डोळा अगदी जवळ नेऊन बघत राहिले. "पाटाला पानी सोडल्यावानी दिसतंय," म्हणाले. घरी दाखवायला एक हवी होती त्यांना.

मी दुसरी प्रिंट काढून, वाळवून, जाड कागदात घालून दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवली आणि ते स्टँडकडे चालू लागले. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.