काटा, हीटर आणि आत्याबाई

आमच्या गाडीला ताप यायचा, पण मेकॅनिकसमोर कधीच नाही.

फुलपाड्यातून गॅरेजकडे निघालो की तापमानाचा काटा लेझीम खेळत असे. वर, खाली, पुन्हा वर. गॅरेजच्या दारात मात्र तो मधोमध येऊन गुपचूप बसे. मेकॅनिक बॉनेट उघडून म्हणे, "सर, गाडी एकदम फिट आहे," आणि मी घरी पोचेपर्यंत काटा लाल रेघेला टेकलेला! (मी इंजिनिअर आहे. सिव्हिलचा. पण सासरी हा फरक कुणाला सांगत बसत नाही.)

रेडिएटरमध्ये पाणी मात्र मी न चुकता घालत होतो. तेही बोअरचं. आमच्याकडे नळाला गोडं पाणी आलं की सगळं घर बादल्या घेऊन धावतं. ते पाणी गाडीला पाजायचं म्हणजे पापच. बोअरचं पाणी खारट, बादलीला पांढरा थर धरणारं, पण गाडी त्याचा चहा थोडीच करणार होती?

अशात मेव्हण्याचा साखरपुडा ठरला. आगाशीला, भर मे महिन्यात. आणि जूचंद्रहून आत्याबाईंना आणायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या. सगळं सासर त्यांना वचकून असतं. आमच्या लग्नात त्यांना आणायला गेलेली जीप रस्त्यात बंद पडली, तेव्हा "मान नाय तिथं जेवन नाय" म्हणून त्या तशाच घरी परतल्या होत्या. आमच्या लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ही जीप टोमण्यांतून आमच्या घरी येतेच. आता साखरपुड्यात नवरीची ओटी आत्याबाईंनीच भरायची, असं ठरलेलं.

"अहो, या वेळी पण गाडी बंद पडली ना," शुभांगी, म्हणजे बायको, म्हणाली, "तर तुम्हीही घरी येऊ नका."

जूचंद्रला दोघांनी धरून आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. गुडघे कित्येक वर्षांपासून संपावर. अंगावर जरीचा शालू, गळ्यात सोनं, चेहऱ्यावर मागच्या जीपची आठवण. शुभांगी फळांची करंडी घेऊन मागे बसली.

नालासोपाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढायला लागला.

यावर एकच तोडगा मला ठाऊक होता. गाडीचा हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते आणि काटा उतरतो. एकटा असताना मी हा प्रयोग बनियनवर केला होता. आज शेजारी जरीचा शालू होता. देवाचं नाव घेतलं, खिडक्या खाली केल्या आणि बटण फिरवलं.

"जावई," आत्याबाई म्हणाल्या, "वारा गरम येतो."

खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. "आत्या, इंजिन तापलंय. त्याची गरमी आत घेतली तरच गाडी चालेल. नाहीतर इथंच थांबावं लागेल."

आत्याबाईंनी वाकून काट्याकडे बघितलं.

"मंजे गाडीचा ताप आपन घ्यायचा?"

"हो."

"मग घ्या की. पोरगा तिथं वाट बघतोय."

एवढं बोलून त्यांनी शालू जरा वर खोचला आणि पाय गरम वाऱ्यासमोर नीट लांब केले. बाहेर मे महिना, आत भट्टी. माझा शर्ट पाठीला चिकटला, शुभांगीची पावडर हनुवटीवर उतरली. आत्याबाई मात्र ताठ.

"मे म्हयन्यात मिठागरात अनवानी राबलेली बाई मी," त्या म्हणाल्या. "हा काय गरम?"

मग त्यांनी काट्याचा ताबाच घेतला. "चढला. वाढवा." "उतरला." मी हीटर कमी करायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू द्या." मी इतका भारावून गेलो होतो की हॉर्न वाजवायचं विसरलो. विरारपर्यंत हॉर्नशिवाय गाडी नेणारा माझ्याआधी कुणी असेल असं वाटत नाही.

आगाशीला हॉलसमोर वेळेत पोचलो. आत्याबाईंना जिन्यावरून उचलून न्यायला खुर्ची आणि दोन दणकट पोरं शोधून आणली, तोवर गाडी रिकामी! आत्याबाई जिना चढत होत्या. एकट्या. कठड्याला हात न लावता. मी खुर्ची घेऊन खाली उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. वर जाऊन त्यांनी ओटी भरली, जेवण केलं, श्रीखंड दोनदा मागून घेतलं. जाताना शुभांगीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुज्या लग्नाचं जेवन आज जेवले." शुभांगी रडली. मीही रडलो असतो, पण अंगात पाणी उरलं नव्हतं.

मग मेकॅनिकने एकदाचं इंजिन खोललं. पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट पांढऱ्या थराने पुरता अडकलेला. मन झालं तर उघडायचा, नाहीतर नाही.

"सर, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं."

"मग मीठ मस्त पिकवलंय तुम्ही."

नवा थर्मोस्टॅट बसला, रेडिएटर धुतला, पाण्याऐवजी कूलंट घातलं. काटा मधोमध आला तो तिथंच राहिला. मी तडक जूचंद्रला गेलो. एसी लावून आत्याबाईंना दार उघडून दिलं आणि ऐटीत म्हणालो, "आत्या, गाडी पूर्ण बरी झाली."

त्यांनी एक पाय आत ठेवला आणि काढून घेतला. "गार वारा? आनि माजं गुडघं?"

तेव्हापासून दर रविवारी मी जूचंद्रला जातो. हीटर पूर्ण लावून आत्याबाईंना गावातून फेरी मारून आणतो. अलीकडे मागच्या सीटवर त्यांच्या तीन मैत्रिणीही असतात. पदवी इंजिनिअरिंगची, नोकरी अंधेरीच्या ऑफिसात, पण जूचंद्रमध्ये पोरंसुद्धा मला एकाच नावानं ओळखतात: शेकवाले जावई.